कोजागिरीला मनपाच्या बागेत अडीचशे माणसं: दूध, चांदणं, परवानगी, सगळं कसं जमवावं?

कॉलनीकर_सिडको

नमस्कार मंडळी. छत्रपती संभाजीनगरात सिडको भागात आमची साठ घरांची कॉलनी आहे. यंदा कोजागिरी रविवारी, 25 ऑक्टोबर 2026 ला येतेय. दरवर्षी जो तो आपापल्या गच्चीवर करतो. या वेळी शेजारच्या मनपाच्या बागेत सगळ्यांनी मिळून करायचं ठरलंय. आजी-आजोबांपासून कडेवरच्या लेकरांपर्यंत साधारण अडीचशे माणसं होतील, त्यात सत्तरेक मुलं.

बाग दोनेक एकरांची. मध्ये हिरवळ, कडेनं झाडं, पूर्वेला अशोक आणि सप्तपर्णीची रांग, एक बंद पडलेलं कारंजं. जमीन काळी. कॉलनीपासून बाग तीनशे मीटरवर. संध्याकाळी साडेपाच ते साडेनऊ एवढा वेळ धरलाय. स्टेज आणि डीजे नको, यावर सगळ्यांचं एकमत आहे. बायकांना हादग्याचा फेर धरायचाय, मुलांसाठी बागेशी जोडलेलं काहीतरी हवंय.

विचारायचं असं: दूध नेमकं किती लागेल आणि बागेत तापवावं की घरून न्यावं? परवानग्या कुठल्या? झाडांच्या रांगेमागून चंद्र वेळेत दिसेल का? आणि एवढी माणसं बागेत उतरवताना काय बिघडू शकतं? ज्यांनी अशी कामं केलीत त्यांनी जरा तपशिलात सांगा.

भगोनं

दुधाचं सांगतो. हिशेब माणशी ठरवा, अंदाजानं नको. मोठ्याला 150 मिली, लेकराला 100 मिली. 180 मोठ्यांचे 27 लिटर, 70 लहानांचे 7 लिटर, म्हणजे तयार दूध 34 लिटर. दुसऱ्यांदा मागणाऱ्यांसाठी दहा टक्के वाढवा, 37 होतं. आटवताना दूध आठवा हिस्सा कमी होतं, साखर घातली की थोडं वाढतं. त्यामुळं कच्चं दूध 40 लिटर घ्या. याच्यावर जाऊ नका. उरलेलं मसाला दूध रात्री कुणाच्याच फ्रिजमध्ये मावत नाही आणि सकाळी फेकावं लागतं.

साखर लिटरला 80 ग्रॅम, म्हणजे सव्वातीन किलो. मसाला लिटरला 20 ग्रॅम धरून 800 ग्रॅम: बदाम 300, पिस्ते 200, काजू 150, चारोळी 100, वेलदोडे 40 ग्रॅम आणि मध्यम आकाराची दोन जायफळं किसून. जायफळ याच्यापुढं नेलं की दूध कडवटतं आणि मग साखर वाढवूनही चव सुधारत नाही. केशर 2 ग्रॅम पुरतं, पण ते अर्धा तास आधी वाटीभर कोमट दुधात भिजवून खलून घ्या. कोरडं टाकलं तर रंगही येत नाही, वासही नाही.

म्हशीचं दूध घ्या. सगळ्यात मोठी गोम इथंच आहे: चार गवळ्यांचं, वेगवेगळ्या वेळी काढलेलं दूध एकत्र करून तापवायला ठेवतात आणि एका कॅनमधल्या आंबूस दुधापायी चाळीस लिटर नासतं. ऑक्टोबरात दुपारी चांगलाच उकाडा असतो, सकाळचं कच्चं दूध दुपारपर्यंत बाहेर राहिलं तर सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक कॅनमधलं वाटीभर दूध आधी छोट्या पातेल्यात वेगळं उकळून पाहा. फाटलं तर तो कॅन बाजूला. पिशवीचं दूध घेणार असाल तर पिशव्या तापवायच्या वेळेपर्यंत बर्फाच्या टबात ठेवा.

भगोनी दोन, तीस-तीस लिटरची, जाड बुडाची. प्रत्येकात वीसच लिटर ओता, दूध वर यायला जागा राहिली पाहिजे. आधी भगोनं पाण्यानं विसळा आणि आत ओलसर असतानाच दूध ओता, बुडाला कमी धरतं. मोठ्या शेगडीवर उकळी यायला अर्धा-पाऊण तास, मग मंद आचेवर अजून अर्धा तास. या पूर्ण वेळात लांब दांड्याचा सराटा बुडाला घासत फिरवणारा माणूस प्रत्येक भगोन्यापाशी हवाच, आणि तो बोलण्यात रमणारा नको. एकदा बुडाला लागलं की खरवडू नका. वरचं दूध तसंच दुसऱ्या भांड्यात काढून घ्या. खरवडलं की जळका वास सगळ्या दुधात उतरतो.

साखर अगदी शेवटी, आच बंद करायच्या दहा मिनिटं आधी. सुरुवातीलाच टाकली तर दूध लवकर खाली धरतं. साखर टाकण्याआधी तीन लिटर दूध वेगळं काढून ठेवा, मधुमेहवाल्यांना लागतं. आणि दोन-तीन लिटर फक्त साखर-वेलदोड्याचं, सुकामेव्याशिवाय, ज्या मुलांना तो सोसत नाही त्यांच्यासाठी. दोन्ही भांड्यांवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवा आणि त्यांचा डाव वेगळा ठेवा, नाहीतर वेगळं काढून उपयोग नाही.

बागेत तापवू नका. हिरवळीवर शेगडी ठेवली की तेवढं गवत जळतं, वारा आला की आच भगोन्याबाहेर जाते, आणि लेकरं पळापळी करत असतात. कॉलनीच्या आवारातच तापवा, 19 किलोचं एक व्यावसायिक सिलिंडर घ्या, त्यातला दीड-दोन किलोच गॅस जाईल. तिथून नळाच्या थर्मास कॅनमधून हातगाड्यावर न्या. कॅन घेणार असाल तर सुकामेवा दुधात घालू नका! बदामाचे तुकडे नळात अडकतात, मग कॅन वाकडा करून ओतायची वेळ येते आणि उकळतं दूध हातावर येतं. वेलदोडे, जायफळ, केशर दुधात. बाकीची भरड वेगळ्या डब्यात, वाढताना पेल्यात चिमूटभर. भरड करताना मिक्सर थांबवत थांबवत फिरवा, सलग फिरवला की तेल सुटून गोळा होतो. पाच वर्षांखालच्या मुलांच्या पेल्यात अख्खा किंवा मोठा तुकडा जाऊ देऊ नका, घशात अडकतो.

चांदणवेळ

चंद्राचं. 26 ऑक्टोबरला सकाळी पौर्णिमा पूर्ण होते, त्यामुळं 25 च्या संध्याकाळी चंद्र सूर्यास्ताच्या थोडा आधीच उगवलेला असेल. तुमच्याकडं सूर्यास्त सहाच्या सुमाराला. उगवण्याची जागा पूर्वेपेक्षा किंचित उत्तरेकडं. तिथून तो तासाला साधारण 14 अंश वर चढतो.

आता झाडांचं गणित. पूर्वेची रांग 40 फूट उंच असेल आणि तुम्ही तिच्यापासून 100 फुटांवर बसलात, तर झाडांचे शेंडे साधारण 22 अंशांवर येतात. म्हणजे चंद्र सात-सव्वासातला मोकळा होईल. त्याच रांगेपासून 60 फुटांवर बसलात तर पावणेआठ-आठ. तेव्हा सतरंज्या हिरवळीच्या पश्चिम टोकाला घाला, पूर्वेकडं तोंड करून. आधी जाऊन खात्री करायची असेल तर हात लांब करून मूठ धरा. मुठीची रुंदी साधारण 10 अंश. क्षितिजापासून शेंड्यापर्यंत किती मुठी बसतात ते मोजा.

दिवे: बसण्याच्या जागेत प्रखर फ्लडलाइट लावले तर चंद्र असूनही चांदणं पडल्याचं कळणारच नाही. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. दूध वाटायच्या अर्धा तास आधी हिरवळीवरचे दिवे बंद करा आणि फक्त वाट, फाटक, स्वच्छतागृह आणि दूध वाटायची जागा इथले पिवळे, खाली तोंड केलेले दिवे राहू द्या. बागेचे उंच खांबावरचे दिवे तुमच्या हातात नसतात. ते वेळेवर बंद होण्यासाठी उद्यान विभागाला अर्जातच लिहून द्या.

कॉलनीकर_सिडको

दोन्ही उत्तरं फार कामाची. रांगेपासून पश्चिम टोक पावलांनी मोजलं, 120 फुटांच्या आसपास भरतंय, म्हणजे सातनंतर चंद्र मिळायला हरकत नाही. एक शंका: दूध चांदण्यात ठेवायची पद्धत आहे, थर्मासमध्ये ठेवलं तर ते कसं जमायचं?

भगोनं

त्यासाठी स्टीलचं छोटं पातेलं वेगळं ठेवा, लिटरभर दुधाचं, वर पातळ मलमलचं कापड बांधून. नैवेद्य त्याचा. सगळं चाळीस लिटर उघड्यावर गार करत ठेवू नका. दूध कोमट झालं आणि तसंच तास-दोन तास राहिलं की त्यात जंतू झपाट्यानं वाढतात, वरून बागेत दिव्यापाशी किडे पडतात ते वेगळंच. वाटायचं दूध हाताला चटका बसेल इतकं गरम, 60 अंशांच्या वर, असंच राहिलं पाहिजे. उकळल्यापासून दोन तासांत वाटून मोकळे व्हा. आठला वाटायचं तर साडेपाच-पावणेसहाला शेगडी पेटवा, त्याच्या आधी नको.

बागवान_परभणी

मी बागेच्या बाजूनं बोलतो, कारण कार्यक्रम चार तासांचा असतो आणि बाग पुढचे सहा महिने त्याचे परिणाम काढत बसते.

काळी माती ओली असताना तिच्यावर अडीचशे माणसं चालली की ती दाबून घट्ट होते, हवा आणि पाणी आत जात नाही आणि हिरवळ पिवळी पडते. म्हणून कार्यक्रमाच्या आधी तीन दिवस हिरवळीला पाणी बंद ठेवायला सांगा. फवाऱ्यांना टायमर असेल तर तो नक्की बंद केलाय का ते त्या दिवशी दुपारी पुन्हा पाहा. नाहीतर सतरंजीखालूनच फवारा सुरू होतो. गवत कापायचं तर तीन-चार दिवस आधी. आदल्या दिवशी कापलं की कापलेल्या काड्या कपड्यांना आणि लेकरांच्या अंगाला चिकटतात, खाज सुटते.

प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचे पाय काळ्या मातीत रुततात, म्हातारं माणूस मागं कलंडतं. खुर्च्या फरसबंद वाटेवर मांडा, बाकीच्यांना सतरंज्या. साडेआठ-नऊनंतर दव पडायला लागतं, सतरंजीखाली ताडपत्री असू द्या. आजी-आजोबांसाठी शाली सोबत आणायला आधीच सांगा. ऑक्टोबरच्या शेवटाला आपल्याकडं रात्री चांगला गारवा असतो.

मंडप उभारूच नका. उभारायचाच तर खड्डे खणू नका, खाली पाण्याच्या आणि विजेच्या लाइनी असतात. वाळू भरलेल्या ड्रममध्ये खांब रोवा. झाडाला खिळा ठोकायचा नाही, तारही गुंडाळायची नाही; माळ लावायचीच तर सुती दोरीनं सैल बांधा आणि रात्रीच सोडा. फांदी आडवी येतेय म्हणून परस्पर तोडू नका. त्यासाठी 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा राज्य कायदा आहे आणि वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. झाडांवर प्रकाशझोतही टाकू नका, तिथं बगळे, साळुंक्या रात्रीला उतरलेल्या असतात. झोत पडला की उठतात आणि अंधारात तारांवर आदळतात.

कडेची झुडपं हा खरा धोका. पावसाळा संपल्यावर गवत वाढलेलं असतं आणि या दिवसांत साप बरेच फिरतात. हिरवळीच्या कडेनं दहा फुटांचा पट्टा साफ करून घ्या, त्या पट्ट्यावर दोरी बांधा आणि मुलांना दोरीपलीकडं जाऊ देऊ नका. चेंडू गेला तर मोठ्या माणसानं टॉर्च घेऊन आणायचा. गाजरगवत याच काळात फुलावर असतं, त्याच्या परागांनी शिंका, पुरळ, दमा होतो. ते आठवडाभर आधी, फुलं पूर्ण उमलायच्या आत, हातमोजे घालून मुळासकट उपटा. कण्हेर आणि पिवळी बिट्टी कुठं आहे ते आधी पाहून ठेवा. दोन्ही विषारी. बिट्टीच्या बिया पोरं खेळायला वेचतात, तिथं एक माणूस उभा करा.

बंद कारंज्यात पाणी साचलेलं असणारच. त्यात डेंग्यूच्या डासांच्या अळ्या होतात. पंधरा दिवस आधी ते उपसून कोरडं करा. उपसता येत नसेल तर गप्पी मासे सोडा. कुंड्यांखालच्या थाळ्या, टाकून दिलेले कप, टायर हेही बघा. धूर फवारणीनं फक्त उडणारे डास मरतात, अळ्या तशाच राहतात. फवारणी करायचीच तर आदल्या दिवशी संध्याकाळी, दूध-खाणं आणायच्या वेळी कधीच नाही. डेंग्यूचा डास दिवसा आणि मावळतीच्या आधी चावतो, म्हणजे साडेपाचला मुलं खेळायला येतील तीच वेळ. पूर्ण बाह्यांचे कपडे घालून आणायला सांगा.

नियमांचं_बघा

परवानग्यांचं थोडक्यात. पहिला अर्ज मनपाच्या उद्यान विभागाला: तारीख, वेळ, माणसांची संख्या, काय आणणार, काय आणणार नाही. अनामत रक्कम विचारून घ्या आणि भरलेली पावती जपून ठेवा. बागेच्या स्थितीचे फोटो कार्यक्रमाच्या आधी आणि नंतर काढा, अनामत परत घेताना उपयोगी पडतात. दुसरा अर्ज स्थानिक पोलीस ठाण्याला, ध्वनिक्षेपक लावणार असाल तर त्याचा वेगळा. पंधरा-वीस दिवस आधी द्या. दसरा 20 ऑक्टोबरला आहे, त्या आठवड्यात कुणाला फुरसत नसते.

आवाज: ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणं रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले काही मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते, ते जिल्हाधिकारी जाहीर करतात. त्यात कोजागिरी आहे का ते पाहण्यापेक्षा दहाच्या आत आटपा. निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्यापासून 100 मीटरच्या आत शांतता क्षेत्र धरतात, तिथं ती आणखी कमी. बागेच्या भिंतीला लागून दवाखाना असेल तर ध्वनिक्षेपक विसरा.

थर्माकोलच्या ताटल्या आणि एकदाच वापरायचे प्लॅस्टिकचे पेले 1 जुलै 2022 पासून देशभर बंद आहेत. कागदी कपही नकोत, आतून प्लॅस्टिकचा थर असतो, ते कुजत नाहीत. प्रत्येक घरानं आपले स्टीलचे पेले पिशवीत आणायचे आणि उष्टे तसेच परत न्यायचे. वरचे तीस-चाळीस पेले कॉलनीकडं ठेवा.

फेर_धरा

हादग्याचं मी सांगते. 40 जणींच्या फेराला 30 ते 32 फूट व्यासाची मोकळी, सपाट जागा लागते. त्याहून जास्त जणी असतील तर एकात एक असे दोन फेर करा, आतल्या फेरात लहान मुली. एकच मोठा फेर केला की समोरच्या बाजूला गाणं ऐकू जात नाही, अर्धा फेर पुढं आणि अर्धा मागं पडतो. मध्ये पाट, पाटावर हत्ती. रांगोळीनं काढू नका, वाऱ्यानं विस्कटते, आधीच खडूनं काढून रंगवून आणा. गाणं सांगणारी एक जण पाटापाशी, हातात छोटा माइक. वाजंत्री नको. पाट नीट दिसेल अशी वेळ निवडा, म्हणजे सहा ते पावणेसात.

खिरापत ओळखायचा खेळ साठ घरांत चालत नाही, तासभर जाईल. दहा घरांचा एक गट करा, प्रत्येक गटाची एकच खिरापत, सहा डबे. ओली नको, कोरडी: खोबरं-साखर, पंजिरी, शंकरपाळी, राजगिऱ्याच्या वड्या. आपल्याकडं विदर्भ-खानदेशाला लागून असलेल्या भागातून आलेल्या घरांत भुलाबाई असते, आणि तिची बोळवण कोजागिरीलाच होते. त्या बायकांना आधीच विचारून घ्या, त्यांची भुलाबाई त्याच पाटाशेजारी बसवता येते.

पहिल्या अपत्याला ओवाळायचं असतं ना त्या दिवशी, तेही बागेत करा. पण रांग लावू नका. घरागणिक एक मिनिट धरलं तरी साठ घरांचा तास होतो आणि मुलं कंटाळून रडतात. सगळ्यांनी आपापल्या सतरंजीवर एकाच वेळी ओवाळायचं. निरांजनात तेल अर्धंच घाला, वारा असला तर ताम्हणाच्या कडेला हात धरा. मुलींचे घागरे-ओढण्या सिंथेटिक असतात, चटकन पेट घेतात. ओढणी कमरेला खोचून घ्यायला सांगा. दोन बादल्या वाळू आणि दोन बादल्या पाणी हाताशी ठेवा. फटाके अजिबात नकोत.

मुलांसाठी साडेपाच ते साडेसहा. बागेतल्या खाली पडलेल्या पानांमधून दहा वेगवेगळी पानं आणायची आणि झाड ओळखायचं. तोडलेलं पान धरायचं नाही हा नियम. आपटा आणि कांचन शेजारी ठेवून फरक दाखवा: आपट्याचं पान लहान आणि जाडसर, कांचनाचं मोठं, आणि दसऱ्याला दोन्ही सारखीच ओरबाडली जातात. अंधार पडल्यावर डोळे बांधून वास ओळखायचा खेळ: तुळस, गवती चहा, शेवंती, झेंडू, रातराणी, पारिजातक. घरून छोट्या डब्यांतून आणा. पारिजातक संध्याकाळनंतरच उमलतो, त्यामुळं त्याची बंद कळी आणि उमललेलं फूल दोन्ही मुलांना शेजारी शेजारी दाखवता येतं. देठाचा केशरी रंग पाण्यात किती उतरतो तेही दाखवा. बागेत बुचाचं झाड असेल तर तेही याच सुमाराला फुलतं, पांढरी लांब फुलं सकाळी खाली पडलेली मिळतात, मुली त्यांची वेणी सुईदोऱ्याशिवाय गुंफतात.

प्रत्येक लेकराच्या खिशात पालकाचा मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी. हे विसरू नका.

वायरमन_नांदेड

विजेचं. तुमचा भार फार नाही. 30 वॅटचे सहा एलइडी आणि एक छोटा माइक-स्पीकर, सगळं मिळून 300 वॅटच्या आत बसतं. 150 अँपिअर-अवरची इन्व्हर्टर बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर तेवढा भार तीन तास सहज ओढते. जनरेटर आणू नका, आवाजानं आणि धुरानं कोजागिरीची मजा जाते.

बागेच्या मीटरवरून वीज घेणार असाल तर मध्ये 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हवाच, आणि त्याचं टेस्ट बटण दाबून तो पडतो की नाही ते बघा. दव पडलेल्या गवतावर टेप लावलेला जोड ठेवला तर तिथूनच गळती होते. वायर तीन कोअरची, सलग, जोड न देता. जोड द्यावाच लागला तर तो विटेवर, पालथ्या बादलीखाली. वाटेवरून वायर आडवी नेऊ नका, आजोबांचा पाय अडकतो.

कॉलनीकर_सिडको

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी राहिल्या. पाऊस आला तर काय करायचं? आणि दुधाबरोबर खायला काहीतरी हवंय. सुशीला (भिजवलेले मुरमुरे फोडणीला घालून करतात ती) करावी म्हणतोय, मोठ्या प्रमाणात जमेल का?

भगोनं

जमते, पण घाई नडते. माणशी 40 ग्रॅम धरून 10 किलो मुरमुरे. तेल सव्वा किलो, कांदा 4 किलो, हिरवी मिरची 400 ग्रॅम, शेंगदाणे 1 किलो, डाळव्याचं कूट 1 किलो, कोथिंबीर दहा जुड्या, लिंबं चाळीस. लहान मुलांसाठी बिनमिरचीचा दोन किलोचा घाणा पहिला काढा.

एका वेळी दोन किलोच मुरमुरे. पाण्यात बुडवायचे आणि लगेच उपसून दोन्ही हातांनी दाबून पिळायचे. जास्त वेळ राहिले की लगदा होतो, आणि पाणी नीट पिळलं नाही तर फोडणीत पडल्यावर गोळे. मीठ-हळद फोडणीतच घाला, वरून टाकलं तर सगळीकडं सारखं लागत नाही. डाळव्याचं कूट सगळ्यात शेवटी, आच बंद केल्यावर. ते राहिलेला ओलावा ओढून घेतं आणि सुशीला मोकळी होते. लिंबू वाढताना. दुधाच्या आधी तासभर खाणं आटपून घ्या. दुधाच्या पेल्यांशेजारी चिरलेली लिंबं ठेवू नका, लेकरं पिळतात.

पिण्याच्या पाण्याचे 20 लिटरचे बारा-पंधरा जार सांगून ठेवा. आपल्याकडं नळाला पाणी कधी येईल त्याचा भरवसा नाही. बागेच्या स्वच्छतागृहासाठी 500 लिटरची टाकी आदल्या दिवशीच भरा, आणि चावी कुणाकडं असते ते विचारून घ्या. संध्याकाळी तिथं कुलूप असतं.

बागवान_परभणी

पावसाचं. यंदा अधिक ज्येष्ठामुळं कोजागिरी उशिरा आली आहे. 2025 ला ती 6 ऑक्टोबरला होती, तेव्हा परतीचा पाऊस असतोच. 25 ऑक्टोबरपर्यंत तो बहुधा गेलेला असतो. तरीही दुपारनंतर ढग चढून एखादी जोराची सर येते. निर्णय दुपारी दोनला घ्या, दूध तापवायच्या आधी. हिरवळ ओली असेल आणि टाच दाबली की खड्डा पडत असेल तर हिरवळीवर उतरू नका, वाटांवर आणि फरसबंद चौथऱ्यावर बसा किंवा कॉलनीच्या पार्किंगमध्ये न्या.

विजांना मात्र चेष्टेवारी नेऊ नका, मराठवाड्यात दरवर्षी माणसं आणि जनावरं दगावतात. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी अ‍ॅप दोघा-तिघांच्या फोनवर असू द्या, जवळपास वीज पडत असेल तर ते सांगतं. गडगडाट ऐकू आला की सगळ्यांनी झाडाखालून निघायचं, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत बसायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत यायचं नाही. ताडपत्री धरून झाडाखाली उभं राहणं सगळ्यात वाईट.

सोयगावकर

विषयाला धरूनच विचारतो. माझी बहीण धाराशिवला राहते, तिथंही त्याच दिवशी असंच करायचं चाललंय. वेगळं काही बघावं लागेल का?

नियमांचं_बघा

हो. तुळजापूरला आश्विन पौर्णिमेला पायी येणाऱ्या भाविकांची प्रचंड गर्दी असते. लातूर, सोलापूर, धाराशिवकडून येणारे रस्ते पायी चालणाऱ्यांनी भरलेले असतात, वाहतूक वळवतात आणि पोलीस बंदोबस्ताला गेलेले असतात. परवानगीचा अर्ज दसऱ्याच्या बराच आधी द्या, दूध-पाण्याची गाडी दुपारीच आत आणून ठेवा, आणि बाहेरगावच्या पाहुण्यांना रस्ता बदलायला सांगा.

कॉलनीकर_सिडको

शेवटचं. पूर्वेच्या रांगेत सप्तपर्णी आहेत असं लिहिलं होतं, आज पाहिलं तर कळ्या धरल्यात. कॉलनीत दम्याचे चार-पाच जण आहेत.

बागवान_परभणी

मग त्यांची जागा आधी ठरवा. सप्तपर्णी ऑक्टोबरातच बहरते आणि तिचा वास अंधार पडल्यावर जास्त दाटतो. काहींना तो आवडतो, काहींचं डोकं दुखतं, आणि दम्याच्या माणसाला जवळ बसवलं तर त्रास होऊ शकतो. तुम्ही पश्चिम टोकाला बसणार आहात ते बरंच आहे, पण वारा पूर्वेकडून असेल तर वास तिथंही येतो. संध्याकाळी सहाला उदबत्ती लावून धूर कुठं जातो ते बघा आणि दम्याच्या माणसांना त्याच्या आडबाजूला, फाटकाजवळ बसवा. इनहेलर घरी नको, खिशात हवा. गाडी फाटकापाशी तोंड बाहेर करून लावून ठेवा आणि 108 ला सांगता येईल असा बागेचा नेमका पत्ता, कोणतं फाटक उघडं आहे ते धरून, गटावर टाकून ठेवा.

फेर_धरा

आणि नऊला आवराआवर सुरू करा, साडेनऊला नाही. दर सतरंजीवरच्या घरानं आपल्याभोवतीचं दहा फूट साफ करायचं, असं आधीच वाटून दिलं तर वीस मिनिटांत होतं. ओला आणि सुका कचरा वेगवेगळ्या पोत्यांत, आणि पोती बागेच्या कचराकुंडीत न टाकता कॉलनीत परत. सांडलेल्या दुधावर लगेच पाणी ओता, नाहीतर सकाळपर्यंत तिथं लाल मुंग्यांची रांग लागते आणि सकाळी फिरायला येणारी म्हातारी माणसं तिथंच अनवाणी चालतात.